शाळेतल्या चाकांच्या खुर्चीची निवडणूक

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांचे पाय मी होते. शहराच्या छावणी भागातल्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं काढली. माझं रेक्झिन फाटल्यावर कुणीतरी मला शेंद्र्याजवळच्या एका गावातल्या शाळेला देऊन टाकलं. शाळेनं मला नकाशे आणि मोडक्या बाकांच्या खोलीत ठेवलं. एक चाक गंजून अडकलं. वर्षानुवर्षं कुणी मला हात लावला नाही.

मग विधानसभेची निवडणूक आली. शाळेत मतदान केंद्र होतं, म्हणून मला पुसून दाराशी उभं केलं. पण दिवसभर माझ्यावर कुणी बसलं नाही, कारण मी हलतच नव्हते.

पाच वाजायला आले तेव्हा रूपाली धावत आली. तिचे सासरे काकासाहेब यांना महिन्यापूर्वी लकवा मारला होता. घरून मत देण्याच्या अर्जाची मुदत निघून गेली होती. नवरा निवडणुकीच्याच ड्यूटीवर दुसऱ्या गावी होता. आणि म्हातारा सकाळपासून नवा सदरा घालून ओट्यावर बसला होता. तिनं मला ओढून पाहिलं. मी जागची हलले नाही. तिचे डोळे भरून आले.

फाटकापाशी कडुबा बसले होते. त्यांचं मत देऊन झालं होतं. त्यांनी उमेदीत सायकलदुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. काकासाहेब त्यांचे लहानपणापासूनचे सोबती, बांधाला बांध. पण गेल्या निवडणुकीत दोघांनी दोन पक्ष धरले, पारावर शब्दाला शब्द वाढला आणि बोलणंच तुटलं. त्याला पाच वर्षं झाली.

कडुबा उठले. घरून तेल आणि पाना घेऊन आले. मांडी घालून त्यांनी माझं चाक खोललं, गंज घासला, तेल सोडलं. किती दिवसांनी माझ्या अंगावरून माणसाचा हात फिरला!

मग तेच मला ढकलत काकासाहेबांच्या दारी गेले. आपण कुणाचं मत आणायला चाललो आहोत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बस," कडुबा एवढंच म्हणाले. रूपालीनं आणि त्यांनी मिळून काकासाहेबांना माझ्यावर बसवलं.

केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी कडुबांना विचारलं, यांचा हात कापतोय, सोबती म्हणून तुम्ही आत जाऊन बटण दाबता का? कडुबांनी मान हलवली.

"नको साहेब. डावा हात चालतो त्याचा. त्याचं त्याला दाबू द्या."

मला यंत्रापाशी सोडून ते लांब गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकासाहेबांना वेळ लागला. यंत्र वाजलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या हातावर पडलं.

निकालाच्या दिवशी काकासाहेबांचा उमेदवार निवडून आला. गावात फटाके वाजले. पारावर लोक कडुबांना चिडवू लागले, तुम्हीच मत वाहून नेलं म्हणून. ते घरी येऊन बसले. संध्याकाळी रूपालीनं शाळेतून मला मागून नेलं आणि सासऱ्यांना घेऊन कडुबांच्या दारी आली.

"माझ्यापायी लई बोलणी खाल्ली म्हणं तू," काकासाहेब अडखळत म्हणाले.

"मत तुझं व्हतं. म्या नुसती खुर्ची ढकलली."

"सीट आलं माझं. पण तुला सांगितल्याबिगर आल्यासारखं वाटंना."

कडुबांनी घरात हाक मारून दोन कप चहा सांगितला.

मित्रांनो, मी आता पुन्हा खोलीत आहे. पुढची निवडणूक पाच वर्षांनी येईल. तोवर मला कोंडून ठेवू नका. अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या आणि दार उघडं ठेवा. आपल्या माणसाच्या घरी जायचं असलेला कुणी ना कुणी गावात रोजच असतो.