अर्ध्या पुलाचा कठडा

पूल नदीच्या मधोमध येऊन थांबला होता. पुढे नुसती हवा आणि हवेपलीकडे दुसरा देश. पूल बांधणाऱ्या इंजिनीअरबाईंची थोरली बहीण तिथेच दिलेली. तिचं घर समोर दिसायचं, पण जायचं तर बसने दीड दिवसाचा वळसा. आईच्या कमरेला ते हादरे सोसत नव्हते, आणि आता नजरही विझत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते.

"पूल झाला की चालत जाईन," आई म्हणायची. "तिचं तोंड दिसतंय तोवर कर म्हणजे झालं."

माशी शिंकली होती ती पैशात. इकडची बँक म्हणे, पलीकडे काम सुरू झालेलं दिसू दे, मगच शेवटचा हप्ता. पलीकडची म्हणे, इकडचा अर्धा पूल पुरा होऊ दे, मगच आमचा पहिला. आणि इकडे राहिलं होतं काय? कठडा! तो व्हायचा होता त्याच शेवटच्या हप्त्यातून. बँका दोन, पण अक्कल एकाच खुंटीला टांगलेली.

कामगारांना घरी पाठवा, असा वरून निरोप आला, तशा बाई उठल्या. परांचीचे लोखंडी पाइप पडून होते. "जाण्याआधी एवढं करा," त्यांनी मुकादमाला सांगितलं. कठडा उभा राहिला. ओबडधोबड, पण चार गड्यांनी रेटला तरी हलेना.

पलीकडच्या बँकेचा तपासनीस सरकारी होडीतून आला (एरवी सरहद्दीच्या नदीत होडी घालायला बंदीच) आणि पाइप बघून थबकला.

"हा कठडा?"

"तात्पुरता आहे. पैसे आले की पक्का बसवू." लपवाछपवी बाईंना जमणारी नव्हती.

त्याने तो गदागदा हलवला, मग सगळा भार टाकून रेलला. "आमची माणसंही हातावर हात ठेवून बसलीत हो. अटीत कठडा म्हटलंय. कशाचा, ते नाही," म्हणाला आणि सही केली. भला माणूस!

तरी तिकडचं घोडं पुढे सरकायला वर्ष गेलं. तेवढ्या काळात आईची उरलीसुरली नजर गेली. बाईंना तिच्यासमोर उभं राहवेना.

एका सकाळी दोघी पुलाच्या टोकाशी असताना पलीकडून धप्प असा आवाज आला.

"काय गं ते?"

"पहिला खांब, आई. ताईच्या काठावर." बाईंनी तिचा हात कठड्यावर ठेवला. "मला उशीर झाला गं."

आई पाइपवरून हात फिरवत राहिली.

"तोंड काय, हातानं चाचपेन. तू हा कठडा तेवढा पलीकडपर्यंत ने. याला धरून जाईन."