अकरा टाक्यांची किटली

मी एक जुनी चहाची किटली आहे. पांढऱ्या चिनी मातीची, पोटावर निळी फुले आणि डाव्या कुशीला तारेचे अकरा टाके.

अफगाणिस्तानातल्या कुंदुझच्या बाजारातून मर्जानने मला नव्या संसारासाठी आणले. वीस वर्षे मी पाहुण्यांना हिरवा चहा पाजला, कौतुक करून घेतले. मग तिचा नवरा वारला आणि रिवाजाप्रमाणे धाकट्या दिराने तिच्याशी लग्नाचा हक्क सांगितला. ती नाही म्हणाली. त्याने मला उचलून तिच्या डोक्यात घातले. माझे तीन तुकडे झाले. तिचा डावा कान फाटला, ऐकू येणेही गेले.

मर्जानने मला बाजारातल्या भांडी सांधणाऱ्याकडे नेले. तिला मात्र कुणी डॉक्टरकडे नेले नाही. "मावशी, आता ही तुमच्यापेक्षा जास्त टिकेल," तो थट्टेने म्हणाला. मर्जान हसली.

आमच्याकडे सांधलेली किटली पाहुण्यांपुढे ठेवताना टाके आपल्याकडे वळवतात. मर्जान तसेच करी. डोक्यावरचा रुमालही डावीकडून पुढे ओढी.

लेक नीलाबला आणि मला घेऊन ती नदीपार ताजिकिस्तानात आली. तिथे आश्रयासाठी केलेल्या अर्जाच्या मुलाखतीत काय घडले ते मला मायलेकींच्या भांडणातून कळले. दुभाषा आमच्याच मुलखातला होता. आत जाण्यापूर्वी तो पुटपुटला होता, "वहिनी, घरातलं घरात ठेवा." कानाचे विचारल्यावर मर्जानने सांगितले, तंदूरजवळ पाय घसरला.

"आपल्या घरात तंदूर होता कधी?" नीलाब म्हणाली. "रोटी तर शेजारून यायची."

पुढे एका डॉक्टरबाईंपुढे मर्जान खरे बोलली. तेव्हा दोन्ही हकिकती जुळत नाहीत म्हणून तिचा अर्ज फेटाळला. त्या घावापासूनची तिची डोकेदुखी, चक्कर वाढत गेली. कागद नाहीत म्हणून इस्पितळाने परत पाठवले. तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली.

नीलाबचा अर्ज आईच्याच जबानीवर उभा होता. तो फेटाळला तर तिला त्याच काकाच्या दारात परत जावे लागणार होते. शेवटच्या सुनावणीला तिने मला नेले आणि आयुष्यात प्रथमच माझे टाके परक्यांकडे वळवून ठेवले.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी टाक्यांवरून बोट फिरवले. "सुबक काम आहे. कुणी केलं?"

"फोडली कुणी ते विचारा, साहेब."

त्यांनी लेखणी उचलली नाही. निकाल अजून आलेला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला जपा. मला तर सगळ्यांनीच जपले. तुम्ही एवढेच करा. एखादी बाई म्हणाली, पाय घसरला, तर तिला पुन्हा एकदा विचारा. आणि दुसऱ्यांदा ती वेगळे बोलली, तर तिला खोटी ठरवू नका.