रेइनोच्या घराचा रंग

घरं रंगवणाऱ्या मोठ्या कंपनीची दुलुथ गावची शाखा लॉर्नाने विकत घेतली, आणि त्या दिवसापासून बाप तिच्याशी धड बोलेना. गावातली निम्मी घरं त्यानेच, रेइनो कांगसने, रंगवलेली. लॉर्ना शाळा सुटल्यापासून त्याच्याच हाताखाली शिकली. "दुसऱ्याचं नाव छातीवर लावून मी ब्रश धरणार नाही," असं म्हणून त्याने आपली व्हॅनसुद्धा विकून टाकली. आता काय म्हणावं या माणसाला! म्हाताऱ्याने शिडी सोडावी, हिंडून देखरेख करावी, म्हणून तर तिने सगळी शिल्लक यात घातली होती. तोच नसेल तर ही मालकी काय चाटायचीय?

जूनमधल्या एका सकाळी फोन आला.

"घर रंगवून देता ना तुम्ही?"

आवाज लॉर्नाने लगेच ओळखला, पण तीही त्याचीच मुलगी. "देतो की. आपलं नाव?"

"रेइनो कांगस."

"पत्ता?"

"लहानाची मोठी झालीस तिथला, गाढवे!"

गावभर रंग लावत फिरणाऱ्याच्या स्वतःच्या घराचे पोपडे निघाले होते. लॉर्नाची आई त्यावरून कटकट करत करतच गेली बिचारी. आता रेइनोने रंग निवडला तो भडक पिवळा.

"डॅड, शाळेची बस उभी आहे असं वाटेल."

"वाटू दे. गिऱ्हाईक कोण आहे, तू की मी?"

कंपनीची एक पद्धत होती. काम संपलं की गिऱ्हाइकाने निळ्या टेपचा रोल घेऊन घराभोवती फिरायचं आणि खोट दिसेल तिथे तुकडा चिकटवायचा. रेइनो रोल घेऊन निघाला. तो तुकड्यांवर तुकडे चिकटवत चालला.

"इथे काय वाईट आहे हो?" तिचा रंगारी ड्वेन वैतागून म्हणाला.

लॉर्नाने जवळ जाऊन पाहिलं. खरंच काही वाईट नव्हतं. लाकडी भिंतींची फळी न् फळी सफाईदार रंगवलेली. उलट पुढच्या दाराशेजारी, अगदी नाकासमोर, रंगाचा जाडजूड ओघळ वाळून बसला होता, आणि रेइनो त्याच्यासमोरून तसाच पुढे गेला. एरवी रस्त्यापलीकडून ओघळ हेरणारा माणूस तो. लॉर्नाने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

तिने ड्वेनला जेवायला पिटाळलं.

"डॅड, तुला कधीपासून दिसत नाहीये?"

"कोण म्हणतं?" तो गुरकावला. मग हळूच पायरीवर टेकला. "मधोमध सगळं धुरकट झालंय. डॉक्टर म्हणतो, आता हे असंच राहणार. कडेकडेचं दिसतं. पिवळं दिसतं."

"मग ते दुसऱ्याच्या नावाचं काय होतं?"

"ते बोलायला सोपं होतं गं. तुझा नवा धंदा, त्यात हा आंधळा रंगारी तुझ्या गळ्यात कशाला?"

"आणि या टेपा?"

"एकही लावली नसती तर तुला लगेच कळलं असतं."

लॉर्नाला हसू आलं आणि रडूही आलं. "मूर्ख आहेस तू," ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली. "मला वाटलं, तू मला टाकलंस. किती रडले असेन मी, माहितेय?"

"तुला टाकीन होय?" रेइनो म्हणाला. तो बराच वेळ तिची पाठ थोपटत राहिला.

सगळ्या टेपा काढून "झकास झालंय" म्हणणं तिला सहज जमलं असतं. पण बापाशी असं खोटं वागायला तिचं मन होईना. तिने त्याला उठवलं आणि त्याचं बोट त्या ओघळावर नेऊन ठेवलं.

"हा राहिलाय."

त्याने चाचपून पाहिलं. "शी! कुणाचा हा?"

"ड्वेनचा."

"ड्वेनचा नाही. आता शाखा तुझी, तर ओघळही तुझा."

"बरं, माझा."

"मग घासून काढ."

"मालकाने ब्रश धरायचा नाही, असं कंपनी म्हणते."

"मग मालकाची माणसं कशाला आहेत?" म्हणत त्याने हात पुढे केला.

लॉर्नाने आधी सँडपेपर दिला. त्याने बोटांनी पुन्हा पुन्हा पाहत फळी गुळगुळीत केली. मग तिने ब्रश रंगात बुडवून त्याच्या हाती दिला आणि कोपराला आधार देऊन मागे उभी राहिली.

"थोडं डावीकडे, डॅड."

"बरं, मालकीणबाई," रेइनो म्हणाला आणि त्याने ब्रश डावीकडे नेला.