गेटवरची खुर्ची

कंपनीच्या सहलीची बस नरडाण्याहून सकाळी सहाला निघाली, आणि धुळं मागे पडायच्या आतच अभिमनला कळलं की आपल्याला गेटवर बसवायचं ठरलं आहे.

सांगितलं रुचीने. पाइपच्या कारखान्यात नेमणुका, रजा, बदल्या तीच बघायची. मनाने चांगली पोरगी. शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, सोमवारी तुमची ऑर्डर निघेल. लोडिंगऐवजी गेटचं रजिस्टर. खुर्ची आहे, पंखा आहे. पगार तोच."

"माझं काही चुकलं का?"

"छे हो! विम्याच्या फॉर्मवर तुम्ही बायकोच्या नावापुढे 'मयत' लिहिलं, तेव्हा आम्हाला कळलं. रोनकशेठ म्हणाले, अशा दुःखात आबांना गाड्या भरायला कशाला लावायचं?"

अभिमनला कामावर लागून दोनच महिने झाले होते. वय चोपन्न. पाइपांचे गठ्ठे ट्रकमध्ये चढवले की संध्याकाळी अंग दुखायचं, जेवण जायचं आणि अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागायची. कोकिळा गेल्यावर सहा महिने त्याला ना धड भूक लागली होती, ना झोप. ती दोन्ही या कामाने परत दिली होती. खुर्चीवर बसून ती पुन्हा घालवायची नाही, हे त्याने तिथेच ठरवलं. मालक रोनकशेठ कारखान्यात हाती लागत नसत. आज दिवसभर समोर असणार होते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय परतीच्या बसमध्ये चढायचं नाही.

शेठचा मळा नशिराबादजवळ होता. एका बाजूला केळी, मध्ये मोकळं मैदान. पोहे-चहा झाल्यावर पुण्याहून आलेला ट्रेनर माइकवर म्हणाला, "आज इथे कोणी मालक नाही, कोणी कामगार नाही. आपण सगळे एक टीम!"

लोडिंगचा नीलेश अभिमनच्या कानाशी लागला. "मंग आबा, पगार कोण दी?"

अभिमनला हसू आलं. पण टोळ्या पाडल्या तेव्हा त्याचं नाव कुठल्याच टोळीत आलं नाही. रुचीने त्याला आंब्याखाली खुर्ची दिली आणि हातात शिट्टी ठेवली. "तुम्ही पंच!"

तो उठायला गेला, तर नीलेशही म्हणाला, "बठा ना आबा सावलीमा. आम्ही दखतस."

खेळ असा होता. टोळीतल्या एकाचा पाय मोडला आहे असं समजायचं. त्याच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास द्यायचा. त्याला उचलून समोरच्या निंबाच्या झाडाला वळसा घालून आणायचं. पाय जमिनीला लागता कामा नये. ज्यांचं पाणी जास्त उरेल ते जिंकले.

लोडिंगच्या टोळीत चिठ्ठी निघाली अकाउंटच्या पुनीतची. पुनीत चांगला पंच्याण्णव किलोचा. नीलेशने वाकून सिमेंटचं पोतं घ्यावं तसं त्याला पाठीवर घेतलं. "अरे सोड! पडेन मी!" पुनीत ओरडला, त्याने नीलेशचे केस धरले, आणि दहा पावलांवर दोघेही गवतात. ग्लास कुठल्या कुठे गेला. मैदानभर हशा पिकला.

"दुसरी फेरी!" ट्रेनरने पुकारलं.

अभिमनने शिट्टी खुर्चीवर ठेवली आणि तो मैदानात गेला.

"आबा, बठ्ठा दखी ऱ्हायनात," नीलेश कुजबुजला.

"सगळ्यांना बघू दे. माझं मनगट धर. बोटं नको अडकवू, सुटतात. मनगट." नीलेशने धरलं. दोघांनी हातांची बैठक केली. मग अभिमन पुनीतला म्हणाला, "भाऊ, अंग ताठ करू नका. एक हात माझ्या मानेवर टाका. मी सांगितल्याशिवाय उचलणार नाही. न सांगता उचललं की माणूस घाबरतं, आणि घाबरलं की जड होतं. हां. आता उचलतोय बरं."

पुनीत सरळ वर आला. अभिमन एक-एक पाऊल सांगत चालला. निंबाला वळसा घालून ते आले तेव्हा अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. पॅकिंगवाल्यांचं थोडं जास्त उरलं होतं, त्यामुळे टोळी हरली. पण पुनीत म्हणाला, "खाली नका ठेवू आबा, असंच जेवायला न्या."

लोक हसत पांगले. रोनकशेठ तिथेच उभे होते. "आबा, हे कुठे शिकलात?"

हे कारखान्यात कोणाला सांगायचं नाही असं अभिमनने ठरवलं होतं. आता सांगायलाच हवं होतं.

"घरी. बायकोला अर्धांगवायू झाला होता. दीड वर्ष ती अंथरुणावर होती. रोज आठ-दहा वेळा उचलायचो. अंघोळीला, उन्हात बसवायला. एकदाही पडू दिलं नाही."

रोनकशेठची मान खाली गेली. "म्हणूनच म्हणतो आबा, आता आराम करा."

"शेठ, माझी पाठ अजून शाबूत आहे, ते आत्ता बघितलंत. ती गेली आणि हात रिकामे झाले. गेटवर बसलो तर दिवसभर त्या रिकाम्या हातांकडे बघत बसेन. तुम्ही चांगल्या मनाने केलं, पण मला ते झेपणार नाही. गाड्या भरणं झेपतं."

"आणि उद्या काही दुखलं-खुपलं तर?"

"डॉक्टरचा दाखला आणतो. ज्या दिवशी काम होणार नाही, त्या दिवशी मीच येऊन खुर्ची मागेन. तोवर मला लाइनीतून बाजूला काढू नका. आजसुद्धा काढलं होतं."

रोनकशेठनी रुचीला हाक मारली. "सोमवारची ती ऑर्डर रद्द कर. आबा दाखला आणून देतील."

रुचीने मोबाइल काढला. "पण शेठ, वर कारण काय लिहू?"

शेठच्या आधी अभिमनच म्हणाला, "लिहा ना, आबा नको म्हणाले."

तिने तेवढंच लिहिलं. तिकडे ट्रेनर तिसऱ्या खेळासाठी टोळ्या पाडत होता. अभिमन गेला आणि लोडिंगच्या रांगेत नीलेशच्या मागे उभा राहिला.