जिवखडा

दगडाची पारख डोळ्यानं नाही, कानानं होते. एका दगडावर दुसरा हाणायचा. खणखण वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर फेकायचा. बद्द म्हणजे आतून तडा. असा एक जरी घासायच्या ड्रममध्ये गेला तर महिनाभर फिरता फिरता फुटते, अन् त्याचे टवके बाकीच्या सगळ्या दगडांवर ओरखडे पाडतात. एक नासका आंबा सगळी अढी नासवते, तसंच.

हे मले शिकवलं गिरिधरभाऊजीनं, माझ्या धाकट्या दिरानं. हुडकेश्वरले आमच्या घरामागं टिनाच्या शेडमध्ये दगड घासायची मशीन आहे. कन्हान नदीतले गोटे येतात, चकाकून दुकानात जातात. निवड भाऊजीकडं होती. त्यायचा एकच कायदा, घाटाच्या खालच्या अंगाचा गोटा आणायचा नाही, तिथं लोकायचे दहावे होतात. मी हसायची. नदीले काय वरचं अन् खालचं?

दोन वर्षांमागं एक अख्खा लॉट नासला. त्यातला तडकलेला दगड मीच टाकला होता. भाऊजी नको म्हणत होते, पण रंग भल्ला सुंदर होता अन् मी हट्टाची. ड्रम उघडल्यावर यायनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, हा कोणाच्या हातचा? भाऊजीनं माझ्याकडं पाहिलं अन् गप राहिले. माझ्या जिभेले हाड नाही. मी बोलून गेली.

"भाऊजीचे कान गेले. पुढच्या लॉटपासून निवड मी करते."

मंग भाऊजी शेडच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. दिवसभर. कान काही गेले नव्हते त्यायचे. मी चुकीचा दगड उचलला की तिथूनच मान हलवायचे, बस. आठ महिन्यांत गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

चितेजवळ मडकं फोडायले दगड लागते. दहा दिवस माणसाचा जीव त्या दगडात राहते म्हणतात, म्हणून त्याले जिवखडा म्हणतात. घरात दगडाचे ढीग, तर तोबी मलेच निवडायले लावला. काळा, मधून पांढरा पट्टा. सवयीनं वाजवून पाहिला. खणखणीत होता.

दहाव्याले कन्हानच्या घाटावर कावळा पिंडाले शिवेना. यायनी सगळी वचनं दिली, हिमानीले आम्ही पोटच्या पोरीसारखं ठेवू म्हणाले. हिमानी भाऊजीची एकुलती एक पोर, आई आधीच गेलेली. कावळा घाटावरच्या टिनावर बसून राहिला. त्याले काय पाहिजे होतं ते मले ठाऊक होतं. एक वाक्य फक्त, की लॉट नासवणारा तो दगड माझ्या हातचा होता. पण चार लोकांत कसं बोलायचं? लाज वाटली मले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, अन् कपड्यात बांधलेला जिवखडा नदीत सोडला.

भाऊजीसोबत त्यायचा कायदाही गेला. टेम्पोवाल्याले मी सांगितलं, जिथं भेटतील तिथून आण. मी एकटी पुरेना, म्हणून निवडीले हिमानी बसू लागली. बापाचेच कान घेऊन आली होती पोरगी.

मागच्या महिन्यात पोतं ओतलं अन् तिनं एक काळा गोटा उचलला. मधून पांढरा पट्टा. मी पाहताच ओळखला, भाऊजीचा जिवखडा. तिनं वाजवला, तर बद्द. आगीनं म्हणा, पायरीवर आपटून म्हणा, तडा गेला होता. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"मोठी आई, हा बद्द वाजून राहिला काय वं?"

हातात घेतला असता तर सगळं सांगावं लागलं असतं. मी हात पदरात घेतले.

"मले तर चांगला वाटला. टाक."

महिनाभर ड्रम फिरला. जेवताना, टीव्ही लावला तरी त्या खळखळीत मले एकच आवाज वेगळा येई, कोणी दार वाजवल्यासारखा. दोनदा तर मी उठून दार उघडून आली. मशीनचं बटण हाताशी होतं. भीती वाटे, तरी मी ते बंद केलं नाही.

काल ड्रम उघडला. एकूणएक दगडावर ओरखडे, अन् वरतीच काळ्याचे दोन तुकडे. यायनी विचारलं, हा कोणाच्या हातचा? हिमानीनं माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलली नाही, हुबेहूब बापासारखी. कंपाउंडच्या भिंतीवर कावळा येऊन बसला होता. मी मनात म्हटलं, वंदने, आता बोल, दोन्ही दगडायचं एकदमच बोलून टाक. अन् तोंड उघडलं.

"पोरीचे कान गेले. पुढच्या लॉटपासून निवड मी करते."

कावळा उडून गेला. हिमानी रडली नाही, भांडलीबी नाही. हात पुसले, कोपऱ्यातली ती प्लास्टिकची खुर्ची ओढली, धूळ झटकली अन् दाराशी जाऊन बसली.

आज सकाळपासून ती तिथंच आहे. जेवायले बोलावलं तर भूक नाही म्हणते. मी दगड वाजवून राहिली. आता एक उचलला, मले खणखणीत वाटला, म्हणून ड्रमकडं नेला. तिनं तिथूनच मान हलवली.