लेखावरचं दुसरं नाव

पेढ्यांचा पुडा द्यायच्या आधीच वैदेहीनं आपल्या संशोधन-लेखाचं पहिलं पान किशनरावांच्या हातात दिलं. त्यांनी तारा पुसायच्या स्पिरिटचा हात पँटला पुसला आणि देवगाव फाट्यावरच्या टेलिफोन केबलच्या एवढ्याशा केबिनच्या दारात पान उजेडाला धरलं. इंग्रजी समजत नव्हतं, पण अक्षरं जुळवून नावं वाचता येत होती. पहिलं वैदेहीचं, दुसरं तिच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांचं. तिसरं नव्हतंच.

“माझं कुठं हाय?”

“मी लिहिलं होतं, काका. सरांनी काढलं. म्हणाले, केबल जोडणाऱ्याचं नाव लेखावर शोभत नाही.”

“मग तुमी काय म्हनलात?”

वैदेही पुड्याची दोरी सोडायला लागली.

दीड वर्ष किशनरावांनी आपले रविवार तिला दिले होते. तेवढ्याच प्रकाशातून जास्त माहिती पाठवायची नवी पद्धत तिला तपासायची होती. लॅपटॉपवर चौसष्ट ठिपके सुटे दिसले की जमलं, मिसळले की फसलं. जोड जरा कच्चा राहिला तरी ते मिसळत. त्यासाठी सेलूपर्यंत जाऊन परत येणाऱ्या काचेच्या तारेचे अकरा जोड किशनरावांनी तोडून तोडून पुन्हा केले होते. सरांनी हा फाटा पाहिला असेलच तर एसटीच्या खिडकीतून. आणि किशनरावांनी पेडगावच्या पारावर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आपलं नाव छापून येणार म्हणून. आता तिथं कोणत्या तोंडानं बसायचं? काका काका म्हणत या पोरीनं केसानं गळा कापला होता.

“आज शेवटची मोजणी, काका. परवा सर ती परिषदेत दाखवणारेत.”

“लावा की.”

चौसष्टच्या चौसष्ट ठिपके उमटले. वैदेहीचं लक्ष पडद्यावर होतं. किशनरावांनी तिच्या पाठीमागे काचेची ती पिवळी तार उचलली आणि करंगळीला घट्ट तीन वेढे दिले. एवढ्या वळणात प्रकाश बाहेर सांडतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ठिपके फुगले, एकमेकांत मिसळले.

तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. सगळी सेटिंग तपासली.

“काका, बघा ना काय झालं.”

“साहेबांला इचारा. नाव त्यांचं हाय.”

तिनं खरंच फोन लावला. स्पीकरवर सर वैतागून म्हणाले,

“मला काय विचारतेस? तिथं तो कुणी जोडणीवाला असतो ना, त्याला विचार. त्यालाच कळेल.”

फोन ठेवून ती वळली आणि तिची नजर किशनरावांच्या करंगळीवरच्या वेढ्यांवर गेली. त्यांनी हात लपवला नाही. तिनंही तार सोडा म्हटलं नाही.