तिसरा ठोका

टण्.

दुपारच्या शांततेत स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी पाइपावर वाजला. निकिता कॉम्प्युटरसमोरून उठली. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे नको. लकवा मारल्यापासून, म्हणजे गेल्या आठ महिन्यांत, तिच्या वडिलांची भाषा एवढीच उरली होती.

इंद्रभानजींना पाणी पाजून, हनुवटीवरचा ओघळ ओढणीने टिपून ती परत येऊन बसली. शेजारी सतरंजीवर पाच वर्षांची पाखी झोपली होती. पोरगी उठेपर्यंतचा पाऊण तास तेवढा निकिताचा.

पडद्यावर त्रेसष्ट निरोप येऊन पडले होते.

"ताई, अपडेट कधी?"

"नव्या गेममध्ये आपला धोतरवाला फाडफाड इंग्रजी बोलून राह्यला. इज्जत गेली ना!"

"जमत नसेल तर दुसऱ्याला द्या तुमचं मॉड."

पाखी पोटात असताना डॉक्टरांनी चार महिने पडून राहायला सांगितलं होतं. त्या चार महिन्यांत पडल्या पडल्या निकिताने हे मॉड, म्हणजे तयार गेममध्ये आपल्या पद्धतीने फेरबदल करायचा उद्योग, केला होता. राज्य वसवायचा, लढाया लढायचा एक परदेशी गेम होता. तिने त्यातला गहू काढून तूर पेरली, घोडागाडीची बैलबंडी केली, शेतकऱ्याला धोतर नेसवलं. त्या गेममध्ये माणसावर क्लिक केलं की तो काहीतरी बोलतो. तो आवाज तिने वडिलांचा घातला.

आवाज होताही तसाच. इंद्रभानजी शेलूबाजारच्या बाजारात तीस वर्षं धान्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलत होते. त्यांची बोली म्हणे रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर ऐकू जायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी ते गोधडी डोक्यावर घेऊन मोबाइलसमोर बसले होते, बाहेरचा आवाज नको म्हणून. तरी मध्येच कुकरची शिट्टी आलीच. "काय म्हनता मालक?" "चाललो ना बाप्पा!" "थकलो बुवा, पन करतो." अशी एकतीस वाक्यं. घामाघूम होऊन गोधडीतून बाहेर आले आणि म्हणाले, "पोरी, सोयाबीन इकनं सोपं हाय."

चार हजार लोकांनी ते मॉड उतरवून घेतलं. 'चाललो ना बाप्पा' तर पोरं एकमेकांना फोनवर म्हणू लागली. मग मागण्या सुरू झाल्या. ट्रॅक्टर पाहिजे, हत्ती पाहिजे, अजून डायलॉग पाहिजेत. ती देत गेली. फुकटच्या पंगतीतही भात गार आहे म्हणून ओरडणारे असतातच, पण वाढणाऱ्याचा हात कधीतरी भरून येतो.

आता कंपनीने गेमची नवी आवृत्ती आणली आणि जुनं सगळं मोडलं. दीड महिना, पाऊण-पाऊण तास करत, निकिताने ते परत जुळवलं होतं. एकच गोष्ट अडली होती. नव्या गेममध्ये एक नवा हुकूम आला होता: माघार घ्या. त्याला उत्तर द्यावं लागतं. नाहीतर धोतरवाला इंग्रजीत बोलतो. आणि बाबांनी माघारीचं वाक्य कधी म्हटलंच नव्हतं. जुन्या गेममध्ये माघार नव्हती.

नागपूरच्या अजहर नावाच्या एका खेळणाऱ्याने उपाय सुचवला होता. "ताई, बाबांच्या आवाजाचे जुने तुकडे पाठवा. मशीन त्यांच्याच आवाजात पाहिजे ते बोलून देते." चांगला पोरगा, त्याची कधी कटकट नसायची. तिने तुकडे पाठवले होते. त्याचं उत्तर आज आलं होतं.

आवाज बारीक करून तिने ते लावलं.

"मांगं फिरा रे! मांगं फिरा!"

बाबाच. खोकला नाही, शिट्टी नाही, धाप नाही. मागे खाट करकरली.

तेवढ्यात तिचा नवरा भागवत जेवायला आला. वाशीमच्या फेरीची जीप त्याने दारात लावली होती. चप्पल काढता काढता तो थबकला. "हे कवा बोलले मामाजी?"

"ते नाही बोलले. मशीन बोलली."

"मंग बेस झालं ना! आता पायजे ते बोलवून घे. लोकायची कटकट मिटली." एवढं बोलून त्याची नजर खाटेकडे गेली.

इंद्रभानजी मान वळवून कॉम्प्युटरकडे पाहत होते.

निकिता त्यांच्या उशाशी जाऊन बसली. "बाबा, ठेवू का हा आवाज? तुमी म्हनसान तसं."

त्यांचा चांगला हात पेल्याकडे सरकला. टण्. जरा वेळ गेला. टण्.

"दोन. नको म्हनतेत," भागवत हळूच म्हणाला.

पण हात खाली आला नाही. पहिल्या दोहोंत जेवढा वेळ गेला होता, तेवढाच मोजून जाऊ दिल्यावर तिसरा ठोका पडला. टण्.

निकिता लहानपणी त्यांचा डबा घेऊन बाजारात जायची. शेवटची बोली आली की ते हातातली काठी टिनाच्या डब्यावर अशीच मारायचे. एक. दोन. तीन. तिसऱ्या ठोक्यानंतर कितीही मोठा व्यापारी ओरडला तरी ते तोंड उघडत नसत. माल गेला तो गेला.

त्यांनी पेला छातीवर ठेवला आणि छताकडे पाहू लागले.

रेकॉर्डिंग सुरू करून तिने मोबाइल त्यांच्याजवळ धरला. "अजून एकडाव वाजवता, बाबा?"

त्यांनी वाजवलं.

चार वाजता तिने नवं मॉड लोकांसाठी सोडलं. चहा उकळायच्या आत पहिला निरोप आला. "एक नंबर, ताई! पण माघार घ्या म्हटलं की माणूस बोलतच नाही, नुसतं टण् टण् टण् येते. बग आहे, लवकर दुरुस्त करा."

"बग नाही," तिने लिहिलं. पुढे अजून दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या.

पाखी डोळे चोळत उठली आणि तिच्या मांडीवर येऊन बसली. माउस हातात घेऊन तिने धोतरवाल्यावर क्लिक केलं. "चाललो ना बाप्पा!" ती खुदकन हसली. मग भलतंच बटण दाबलं गेलं.

टण्. टण्. टण्.

तिने चटकन खाटेकडे पाहिलं. आबाजी डोळे मिटून पडले होते. पेला स्टुलावर होता. ती पडद्याकडे वळली, बोटं उघडून मोजू लागली.

"आई वं, एक म्हंजे पानी. दोन म्हंजे नको." तिसरं बोट तिने तसंच उभं धरलं. "मंग तीन झाले तं आबाजीले काय पायजे अस्ते?"